वाळत घातलेलं पितळ

घरी काडतुसं भरणारी माणसं एकत्र आली की दारूबद्दल बोलतात, गोळीच्या वजनाबद्दल बोलतात, कुठला तराजू चांगला यावर तासभर वाद घालतात. उडवलेल्या काडतुसांच्या धुतलेल्या पुंगळ्या वाळवायच्या कशा, हा विषय मात्र "टॉवेलवर पसरून ठेव, वाळतील" एवढ्यावरच संपतो. ह्यूस्टनमध्ये राहत होतो तेव्हा या सल्ल्यानं माझे कितीतरी शनिवार-रविवार खाल्ले. पुढे नोकरीमुळे कोलोरॅडोत आलो आणि इथे तोच सल्ला तंतोतंत खरा निघाला. सल्ला देणारा माणूस कुठल्या हवेत राहतो हे आधी विचारावं, एवढं मला त्यातून कळलं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं आधीचं सांगतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद तिकडे कुणाच्या गॅलरीत दिसणार नाही. अमेरिकेत 1968 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. पण नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. म्हणजे आधी ग्रीन कार्ड. त्याची रांग किती लांब असते हे मराठी माणसाला सांगायला नको. मी या छंदात शिरलो तेव्हा कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

माझा व्यवसाय औषधांच्या गुणवत्ता तपासणीचा. सुरुवात तारापूरच्या एमआयडीसीत झाली, नंतर इकडे आलो. दिवसभर तराजू, ओव्हन, डेसिकेटर आणि नोंदवह्या. अशा माणसानं घरी गेल्यावर बागकाम करावं किंवा तबला वाजवावा. मी घरीही तराजूच घेऊन बसलो.

मी ज्या स्पर्धेत भाग घेतो तिला एफ-क्लास म्हणतात. पालथं पडून, रायफल दुपाईवर टेकवून, दुर्बिणीतून लांबचं लक्ष्य टिपायचं. कॅनडातल्या जॉर्ज फार्कर्सन यांच्या आडनावातला 'एफ' या प्रकाराला मिळाला आहे. माझ्या गटात दोनच काडतुसं चालतात, .223 रेमिंग्टन आणि .308 विंचेस्टर. मी .308 वापरतो. 600 यार्डांवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 6 इंचांचं असतं आणि त्याच्या आतलं एक्सचं वर्तुळ 3 इंचांचं. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला वीस-तीस फुटांनी कमी-जास्त झाला, तर तेवढ्या अंतरावर ती दोन-तीन इंच वर किंवा खाली लागते. म्हणून काडतुसं घरी भरायची, एकासारखं एक. दारू जळून जाते, ती पेटवणारी बुडातली छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, एकदाच पेटतो, गोळी मातीच्या बांधात रुतते. परत घरी येते ती पितळेची पुंगळी. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. जपून वापरली तर ती पुन्हा पुन्हा भरता येते.

परत येते ती काजळी घेऊन. शिवाय प्रायमरच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं, त्याचा अंश राखेबरोबर आत चिकटलेला असतो. कोरड्या पद्धतीत मक्याच्या कणसाच्या भुशात किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भरडीत पुंगळ्या थरथरवून साफ करतात. काम चांगलं होतं, पण झाकण उघडलं की जी धूळ उडते ती मला नको होती. त्या वेळी मुलगी लहान होती आणि गॅरेजमध्ये तिची सायकल असायची. म्हणून मी ओली पद्धत घेतली.

पद्धत साधी आहे. जळालेला प्रायमर आधी ठोकून काढायचा. मग पुंगळ्या एका रबरी ड्रममध्ये घालायच्या, बरोबर स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळया, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल. ड्रम दोन-तीन तास गोल फिरत राहतो. उघडल्यावर पाणी काळंकुट्ट आणि पितळ नवं. हे पाणी मी मोरीत ओतत नाही आणि बागेतही नाही. बादलीत साठवून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देतो. हातमोजे सक्तीचे. सळया चुंबकानं गोळा करायच्या आणि प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचं, कारण दोन सळया एकमेकींना अडकून मानेत किंवा बुडाच्या भोकात बसतात आणि हलवूनही पडत नाहीत.

सायट्रिक आम्लाच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. जास्त झालं, किंवा पुंगळ्या त्यात रात्रभर राहिल्या, तर पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि पितळावर गुलाबी झाक येते. देवघरातल्या निरांजनाला चिंच लावून विसरलं की जो रंग येतो तोच हा. निरांजनाचं काही बिघडत नाही. पुंगळीला मात्र दर चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांचा दाब सोसायचा असतो, त्यामुळे तिच्या कातडीशी खेळू नये.

इथपर्यंतचं सगळं काम यंत्र करतं, त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न यानंतर येतो. पुंगळी बाहेरून पुसली की कोरडी दिसते. आतून ती बाटलीसारखी असते, पोट मोठं आणि मान अरुंद. .308 च्या मानेचं भोक आठ मिलिमीटरही नसतं, आणि बुडाला प्रायमरची ठिणगी आत जाण्यासाठी जे भोक असतं ते दोन मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा भोकात पाण्याचा पडदा ताणून बसतो. पुंगळी उलटी करा, सुलटी करा, तो हलत नाही. प्रायमर बसतो त्या खोबणीच्या कोपऱ्यातही पाणी धरून राहतं. ज्यांनी प्रायमर न काढताच पुंगळ्या धुतल्या त्यांची अवस्था आणखी वाईट, कारण तिथे पाण्याला उतरायला वाटच नाही.

एक थेंब राहिला तर काय होतं? हिशोब करून बघू. पाण्याच्या एका थेंबाचं वजन साधारण 50 मिलिग्रॅम. काडतुसं भरणारे दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. म्हणजे थेंब झाला पाऊण ग्रेनचा. आम्ही दारू मोजतो एक दशांश ग्रेनपर्यंत. त्या एक दशांशासाठी चांगल्या तराजूवर पैसे घालवायचे, चिमट्यानं एकेक दाणा टाकायचा, आणि ज्यात ती ओतायची त्या पुंगळीत त्याच्या सातपट पाणी असू शकतं याकडे बघायचंही नाही! गंमत म्हणजे पुंगळीचं पोट किती मोठं आहे हे आम्ही मोजतो तेही पाण्यानंच. काठोकाठ भरायचं आणि वजन करायचं. .308 मध्ये सुमारे 56 ग्रेन पाणी मावतं. पाणी आत कसं बसतं हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, ते बाहेर कसं जातं याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

थोडा दमटपणा राहिला तर काही गोळ्या लक्ष्यावर खाली लागतील आणि माणूस वाऱ्याला दोष देईल. जास्त राहिला तर गोष्ट वेगळी. ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर माझ्या शेजारच्या जागेवरच्या गृहस्थांनी चाप ओढला आणि नुसता 'टिक्' आवाज आला. अशा वेळी रायफलचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं असतं, कारण काडतूस उशिरानं पेटू शकतं. ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. मग बोल्ट उघडला तर पुंगळी बाहेर आली, गोळी आली नाही; ती नळीच्या सुरुवातीलाच रुतून बसली होती आणि मागोमाग दारूचे दाणे सांडले, पिवळट पडलेले, एकमेकांना चिकटलेले. प्रायमर पेटला होता, दारू पेटली नव्हती. हे लक्षात न घेता त्यांनी दुसरं काडतूस घातलं असतं आणि ते उडालं असतं तर नळी फुटली असती. नंतर कळलं की त्यांनी गुरुवारी रात्री पुंगळ्या धुतल्या, शुक्रवारी भरल्या आणि शनिवारी आले. टॉवेलवर वाळत घातल्या होत्या म्हणे, आणि दिसायला अगदी कोरड्या होत्या.

ह्यूस्टनची उन्हाळ्यातली सकाळ कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास, गॅरेजची फरशी घामेजलेली. अशा हवेत टॉवेलवर पसरलेल्या पुंगळीच्या पोटातलं पाणी उडून जाणार तरी कुठे? बाहेरची हवाच तृप्त आहे. त्यातून रात्री पितळ गार पडतं आणि सकाळी दार उघडलं की दमट हवा आत येऊन त्याच्यावरच दव धरते. वाळवायला ठेवलेल्या वस्तूवर नवं पाणी चढतं. उन्हात ठेवून पाहिलं. मागच्या डेकवर जुन्या चादरीवर रायफलच्या पुंगळ्यांच्या ओळी मांडून ठेवल्या तर भारतात पोलीस आले असते. टेक्ससमध्ये शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून कॅलिबर विचारलं आणि त्यांच्याकडच्या जुन्या पुंगळ्यांची एक पिशवी आणून दिली. उन्हानं काम होतं, नाही असं नाही. पण तिथे दुपारी चारला न सांगता सर येते.

केस वाळवायचा ड्रायर पाच मिनिटांत कंटाळा आणतो. स्पिरिटमध्ये बुडवून काढलं तर पाणी लवकर जातं हे खरं, पण बंद गॅरेजमध्ये, जिथे दारूचे डबे आहेत तिथे, स्पिरिटची वाफ मला नको. मायक्रोवेव्हचं नाव काढणारेही भेटले आहेत. त्यांना दुरून नमस्कार.

स्वयंपाकघरातला ओव्हन हा सगळ्यांना सुचणारा उपाय. 200 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 93 सेल्सिअसला, पितळेला काही होत नाही. पण घरगुती ओव्हनची कळ एक सांगते आणि आतली तार दुसरंच करते. पितळ मऊ पडायला याच्या बऱ्याच वरचं तापमान लागतं हे मान्य, तरी पुंगळीचं बूड कडक राहिलंच पाहिजे. बूड मऊ झालेली पुंगळी दाबाखाली काय करेल सांगता येत नाही. आणि याहून मोठी अडचण शिशाची. ज्या ओव्हनमध्ये मुलीचा केक भाजायचा त्यात ही पितळं जाणार नाहीत, हा आमच्या घरातला कायदा. तो बायकोनं केला आणि मला तो शंभर टक्के मान्य आहे.

त्याच कायद्याखाली दुसरा खटलाही चालला. या छंदातल्या लोकांमध्ये फळं-भाज्या सुकवायचं विजेचं यंत्र फार लोकप्रिय आहे. एकावर एक जाळीदार ताटं, खाली किंवा मागे पंखा, आणि तापमान 165 फॅरनहाइटच्या आसपास थांबतं. पितळ वाळवायला याहून योग्य वस्तू शोधून सापडणार नाही. आमच्याकडे ते होतंच. हापूसच्या रसाच्या डब्यातून आंबापोळी करायला बायकोनं आणलं होतं. मी यंत्राकडे नुसतं बघितलं तर ती म्हणाली, "तू काय विचार करतोयस ते मला कळलंय. हे आंबापोळीचं आहे. तुझ्या पितळांना दुसरं आण, आणि ते गॅरेजच्या बाहेर येणार नाही." दुसरं आणलं, जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणि त्याच्यावर लाल रंगानं मोठी फुली मारली. चुकून कुणी ते उचलून स्वयंपाकघरात नेऊ नये म्हणून.

यंत्र आलं तरी कोरडं कधी झालं हे कसं ठरवायचं, हा प्रश्न उरलाच. कुणी म्हणे एक तास, कुणी म्हणे दोन. ताटात किती पुंगळ्या, पाणी झटकलं होतं का, बाहेरची हवा कशी, यावर ते अवलंबून. इथे मला तारापूरच्या प्रयोगशाळेतली पहिली सवय उपयोगी पडली. औषधाच्या पावडरीत ओल किती हे बघायचं तर ती तोलायची, ओव्हनमध्ये वाळवायची, डेसिकेटरच्या बंद, कोरड्या भांड्यात गार करायची, पुन्हा तोलायची. परत वाळवायची, परत तोलायची. दोन वजनांत फरक पडेनासा झाला की ती कोरडी. घड्याळाला या कामात मत नाही. आमचे तेव्हाचे वरिष्ठ फार कडक होते. नमुना कुठून घेतलास, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा, आणि "वरून घेतला" म्हटलं की नोंदवही परत टेबलावर आपटायची.

म्हणून मी नमुन्याच्या पुंगळ्या सर्वांत वाईट जागेवर ठेवतो. आमच्या यंत्राचा पंखा तळाशी आहे, तेव्हा सर्वांत वरच्या ताटात मध्यभागी, दाटीत. त्यांच्या अंगावर मार्करनं आकडे घातलेले असतात. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या तराजूवर त्या तोलायच्या, पण गार झाल्यावरच. गरम वस्तू तराजूवर ठेवली की भोवतालची हवा वर चढते आणि वजन खोटं येतं. मग पुन्हा तासभर यंत्रात. दुसरं वजन पहिल्यापेक्षा एक-दोन मिलिग्रॅमहून जास्त उतरलं नाही तर ताटं काढायची. थेंब पन्नास मिलिग्रॅमचा असल्यामुळे तो तराजूपासून लपू शकत नाही. रेंजवरच्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. एकानं विचारलं, "पुंगळीला पण लॅब रिपोर्ट देतोस का?" देत नाही, पण वहीत लिहितो.

वाळवणीचं निम्मं काम खरं तर यंत्राच्या आधीच करून टाकता येतं. शेवटचं खळबळणं कडक गरम पाण्यात करावं. पितळ उष्णता धरतं, आणि ऐंशी अंशांपर्यंत तापलेली .308 ची पुंगळी गार होता होता स्वतःच्या उष्णतेवर दीड-दोन थेंब पाणी उडवून लावू शकते. मग जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून दोन्ही टोकं धरायची आणि झोपाळ्यासारखं इकडून तिकडे झुलवायचं. बुडाच्या भोकातला तो हट्टी पडदा या हिसक्यानं फुटतो. त्यानंतर आधी तोंड खाली करून निथळू द्यायचं आणि मग आडव्या पसरायच्या. एवढं केलं की यंत्राला फार वेळ लागत नाही.

पाण्याच्या डागांची तक्रार पुष्कळ जण करतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाणी उडून गेल्यावर मागे राहतं, त्याचे ते ठिपके. शेवटचा हात ऊर्ध्वपातित पाण्याचा दिला तर ते पडत नाहीत. पण ठिपक्यांमुळे नेम चुकत नाही, त्यामुळे मी त्या भानगडीत पडत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, ती म्हणजे अमोनिया. चकाकी आणणाऱ्या काही पॉलिशांत अमोनिया असतो आणि तो पुंगळीला लावू नये. या नियमाचा इतिहास आपल्याकडचाच आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जायची, आणि पुंगळ्यांना आपोआप भेगा पडायच्या. हात न लावता, न उडवता. ऋतूशी जोडलेली ही भेग तेव्हा कोडंच होती. कारण स्पष्ट झालं ते 1921 मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या कामातून. पितळ ओढून पुंगळी बनवताना धातूत ताण शिल्लक राहतो. घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला कणाकणांच्या सीमेवर खातो, आणि ती तडकते. पुंगळी तापवून हा ताण आधीच काढून टाकणं हा त्यावरचा उपाय. सैनिकी काडतुसांच्या मानेवर आजही जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती अशा तापवण्याचीच. आपला पाऊस, आपल्या पागा, आणि त्यातून निघालेला नियम मी अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये पाळतो.

आपल्याकडचं आणखी एक सापडलं. रेंजवर जमिनीवरच्या पुंगळ्या गोळा करताना एकीच्या बुडावर 'ओएफव्ही' ही अक्षरं दिसली. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. माझं आजोळ भुसावळचं. वरणगाव तिथून हाकेच्या अंतरावर. भारतीय लष्करी साठ्यातली 7.62 ची काडतुसं एके काळी अमेरिकेच्या बाजारात विकायला आली होती, त्यातलीच ही. ती मी भरली नाही. धुतली, वाळवली, आणि इतरांबरोबर तिचंही वजन वहीत लिहिलं.

कोलोरॅडोत आल्यावर हे सगळं कर्मकांड निम्म्यावर आलं. इथली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि धुतलेलं पितळ टॉवेलवर टाकून झोपलं तर सकाळी खरोखर कोरडं मिळतं. मी तराजू लावून तपासलं. वजन उतरत नाही. यंत्र आता हिवाळ्यातच लागतं, गॅरेज गोठलेलं असतं तेव्हा. त्यामुळे इथले लोक वाळवण्याबद्दल बोलत का नाहीत हे मला पटलं. त्यांच्यासाठी तो प्रश्नच नाही. पण सल्ला मात्र ते साऱ्या जगाला देतात, त्यात फ्लोरिडा आणि लुइझियानाही आले.

इथल्या रेंजवर एक म्हातारे गृहस्थ येतात. ते पितळ कधीच धुवत नाहीत. मानेवरची काजळी जुन्या फडक्यानं पुसतात आणि भुशात थोडा वेळ फिरवतात. त्यांच्या पुंगळ्या जुन्या पैशासारख्या काळपट असतात आणि त्यांचे गुण माझ्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त. त्यांच्याकडून एक गोष्ट कळली जी मला रसायनशास्त्रवाला असूनही सुचली नव्हती. मानेच्या आतल्या बाजूला राहिलेली पातळ काजळी गोळी बसवताना वंगणासारखं काम करते. लखलखीत धुतलेल्या मानेत गोळी बसवताना ती कचकन धरते, प्रत्येक पुंगळीत वेगवेगळ्या जोरानं, आणि त्यानं वेग बदलतो. म्हणजे आम्ही धुऊन ती काजळी काढायची आणि मग ग्रॅफाइटची पूड लावून तिची जागा भरून काढायची. मी हेच करतो आणि करताना मला हसू येतं.

तरी मी ओलं धुणं सोडलेलं नाही, कारण माझं कारण चकाकी नव्हतंच. शिशाची धूळ हवेत उडण्यापेक्षा पाण्यात राहिलेली मला परवडते. बायको विचारते, "एवढी घासूनपुसून चमकवतोस, कुणाला दाखवणार आहेस?" कुणालाच नाही. चमक ही ओल्या धुण्याबरोबर फुकट मिळते, आणि नवशिक्या माणसाला तीच कामाची खूण वाटते. पुंगळी आरशासारखी दिसली की झालं, असं समजून तो भरायला बसतो.

अमेरिकेत हा छंद करणारी मराठी माणसं आता मला अधूनमधून भेटतात, बहुतेक टेक्सस, जॉर्जिया आणि न्यू जर्सीची, म्हणजे दमट हवेतली. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पुढचे दोन दिवस हातात नसतील तर पितळ धुवायला काढू नका, तसंच राहू द्या, आठवडाभर मळकं राहिल्यानं त्याचं काही बिघडत नाही. वाळवायचं यंत्र स्वयंपाकघरापासून वेगळं ठेवा. भरण्याआधी सर्वांत दाटीतल्या पाच पुंगळ्या दोनदा तोला. आणि घरात लहान मूल असेल तर डॉक्टरांना सांगून वर्षातून एकदा सगळ्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. साधी रक्ताची चाचणी आहे, आमच्या घरी दर वर्षी होते.